विभागात समान संधीचं काम वाट्याला आलंय? मग सुरुवात इथून करा

जॉईन होऊन महिना-दीड महिना झालेला असतो, एचओडी म्हणजे विभागप्रमुख बोलावतात आणि म्हणतात, तुम्ही नवीन आहात, मुलं तुमच्याशी मोकळेपणाने बोलतात, तर समान संधी कक्षाचं (कोणाशी भेदभाव होऊ नये हे बघणारा विद्यापीठाचा कक्ष) आपल्या विभागाचं काम तुम्हीच बघा. हातात एक फाइल येते. त्यात मागच्या वर्षीच्या कार्यक्रमांचे फोटो, हजेरीच्या सह्या आणि नॅकसाठी, म्हणजे संस्थेच्या मूल्यांकनासाठी, लिहिलेला अहवाल, बस. मी भूगोल शिकवते आणि मलाही अशीच फाइल मिळाली होती, मग पहिल्या वर्षी मीही एक व्याख्यान, एक पोस्टर स्पर्धा, ८ मार्चचा कार्यक्रम असं सगळं केलं, फोटो लावले, आणि त्याच वर्षी एमएच्या पहिल्या सेमिस्टरनंतर आमच्याकडची चार मुलं यायची बंद झाली आणि त्यातल्या एकाशीही मी कधी नीट बोललेले नव्हते. ते अजून मनातून जात नाही. तेव्हापासून मी आधी विभागात रोज काय चालतं ते बघते, म्हणजे वेळापत्रक, नोटीस बोर्ड, चाव्या, फी, कोणाला कोण गाइड मिळतं हे सगळं, आणि कार्यक्रमाचं नंतर बघते. खालचं सगळं महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठाचा विभाग डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय.

पहिले पंधरा दिवस फक्त बघा

काहीही आयोजित करू नका. एक वही घ्या आणि विभागात फिरा. वर्गात कोण कुठे बसतं, डबा खाताना कोण एकटं असतं, सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी कसा निवडला जातो, लॅबमधल्या चालू कॉम्प्युटरवर कायम कोण असतं, शिपाई मामांना कोण नुसत्या नावाने हाक मारतं, चहाचे कप सगळ्यांचे एकच आहेत का. मुलींच्या टॉयलेटला कुलूप आहे का आणि असेल तर चावी कोणाकडे, हे तर पहिल्याच दिवशी बघा. आमच्याकडे ती चावी ऑफिसमधल्या क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये असायची, मुलींना तीन-चार पुरुष बसलेले असताना जाऊन ती मागावी लागायची, त्यामुळे बऱ्याच जणी सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. कुलूप काढून टाकायला एक दिवस लागला आणि एक रुपयाही नाही.

नोटीस बोर्डही वाचून बघा. गुणवत्ता यादी लावणं समजू शकतं, पण वर्षभर नावासमोर प्रवर्गाचा रकाना असलेल्या याद्या काचेमागे राहिलेल्या असतात, काम झालं की त्या काढायच्या.

कायद्याचं थोडक्यात

सगळं पाठ करायची गरज नाही, पण चार-पाच गोष्टी माहीत पाहिजेतच कारण कोणीतरी "असा काही नियम नाही" म्हणणारच. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) समतेबाबतचे विनियम २०१२ चे आहेत, त्यात प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असला पाहिजे असं आहे, या विषयावर नंतरही बरंच घडलंय आणि कोर्टातही गेलंय, तर विद्यापीठाचं ताजं परिपत्रक कुलसचिव कार्यालयातून मागून घ्या. लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदा आणि यूजीसीचे २०१५ चे विनियम. दिव्यांगांसाठी २०१६ चा कायदा, त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय आणि ४० टक्के किंवा जास्त असेल तर उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. रॅगिंगसाठी यूजीसीचे २००९ चे विनियम. तृतीयपंथी व्यक्तींबाबत त्यांची ओळख मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा नालसा निकाल आणि २०१९ चा कायदा. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कोणाचा जातीवाचक अपमान झाला तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागतो, तो विभागाच्या मीटिंगमध्ये मिटवायचा विषय नाही.

पहिला तास आणि आडनाव

आता यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण बहुतेक गोष्टी इथूनच बिघडतात. पहिल्या तासाला ओळख करून घ्यायची आपल्याकडची पद्धत म्हणजे उभं राहा, पूर्ण नाव सांग, गाव कुठलं, वडील काय करतात. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतंही कदाचित, पण आपल्याकडे आडनाव आणि गाव कळलं की पन्नास डोकी एकदम हिशोब लावतात, आणि ज्याचं आडनाव पटकन कळत नाही त्याला मधल्या सुट्टीत कोणीतरी "म्हणजे तुम्ही नेमके कोण?" असं विचारतंच. वडील शेतमजूर आहेत किंवा नाहीच आहेत किंवा दारू पितात, हे पहिल्याच दिवशी अनोळखी वर्गात उभं राहून का सांगायचं?

मी आता असं करते की प्रत्येकाला एक कोरा कागद द्यायचा, त्यावर तुला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, रोज किती लांबून आणि कशाने येतोस, फोन-लॅपटॉपपैकी काय आहे, कॉलेजनंतर काम करतोस का, आणि मला माहीत असावं असं काही असेल तर, एवढंच लिहायचं, शेवटचं नाही लिहिलं तरी चालेल. तो कागद माझ्याकडेच राहतो. त्यातून कळतं की एक जण रात्री एटीएमवर सिक्युरिटीला असतो म्हणून सकाळी ८ च्या तासाला झोपतो, एकीचं दीड वर्षाचं बाळ आहे, एकाला डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून तो उजव्या भिंतीला शेवटी बसला तर अर्धं लेक्चर जातं. एका मुलाने लिहिलं होतं की मॅडम हजेरीत नुसतं पहिलं नाव घ्या. मी त्या दिवसापासून सगळ्यांचंच पहिलं नाव घेते, त्याच्या एकट्याचं घेतलं असतं तर परत तोच उठून दिसला असता. तृतीयपंथी विद्यार्थी असेल तर हाच कागद फार उपयोगी पडतो, कारण कागदोपत्री नाव बदलायला वेळ लागतो पण वर्गात त्याच दिवसापासून योग्य नावाने हाक मारता येते.

स्कॉलरशिप आणि फी

मी स्वतः शिकत असताना, विभागाचं नाव घेत नाही, क्लार्क भर वर्गात यायचे आणि म्हणायचे, "स्कॉलरशिपवाले उभे राहा, तुमचे फॉर्म अपुरे आहेत." माझ्या शेजारची मैत्रीण उभी राहायचीच नाही, तिने त्या वर्षीची स्कॉलरशिप तशीच सोडली. सर समोर उभे असायचे, ते काही बोलायचे नाहीत. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

तर हे काम तुम्ही स्वतःकडे घ्या. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, विद्यार्थ्याने फॉर्म भरला की तो आधी आपल्याच संस्थेच्या लॉगिनला येतो, तिथून पुढे समाजकल्याण किंवा आदिवासी विकास किंवा ज्या खात्याची योजना आहे तिकडे जातो, आणि बऱ्याचदा तो आपल्याच ऑफिसात आठवडेच्या आठवडे पडून असतो. दर सोमवारी क्लार्कजवळ बसून किती फॉर्म आपल्याकडे थांबलेत आणि कशासाठी, एवढं विचारा. भांडू नका, त्यांच्याकडेही चार विभागांचं काम असतं, पण दर सोमवारी जा. ज्याचा फॉर्म अडलाय त्याला मेसेज पर्सनल करा, ग्रुपवर नाही. आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का हे सप्टेंबरच्या आत तपासून घ्यायला सांगा, मंजूर झालेले पैसे तिथेच अडकतात.

राहण्या-जेवणाचंही बघा. शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागास समाजांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या आदल्याच वर्षी तिथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं निघाली, कारण शहरात राहून शिकायची सोय नाही तर मुलं त्या जागांपर्यंत पोचणारच नाहीत हे त्यांना कळलेलं होतं. आजही तेच आहे. हॉस्टेल न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी आणि विजाभज (विमुक्त जाती, भटक्या जमाती) मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या आहेत. विद्यापीठात कमवा आणि शिका योजना असेल तर त्यातली कामं कुठली आहेत तेही विचारा, मुलींना कायम फाइली लावायचं आणि मुलांना कॉम्प्युटरचं काम मिळत असेल तर ते बदलून घ्या.

भाषेवरून हसू देऊ नका

सेमिनार चालू होता, विषय जमिनीची धूप. धडगावकडून आलेली एक मुलगी बोलायला उभी राहिली, घरी पावरी बोलणारी, मराठी तिची शाळेत शिकलेली भाषा. ती "पानी" म्हणाली आणि मागच्या बाकावरून कोणीतरी तेच वाक्य "पानी, पानी" करत म्हटलं. दोन-तीन जण हसले. मी "शांत बसा रे" म्हणाले आणि पुढे गेले. ती मुलगी त्या सेमिस्टरमध्ये पुन्हा एकदाही बोलली नाही. मी तिथेच थांबून, का हसलात, असं विचारायला हवं होतं.

पुढच्या वर्षी त्याच विषयाला मी वेगळं केलं, पुस्तक उघडायच्या आधी प्रत्येकाला फळ्यावर येऊन आपल्या गावातला जमिनीसाठीचा एक शब्द लिहायला सांगितलं. बरड, मुरमाड, चोपण, मळई आले, कोकणातल्या एकाने खाजण लिहिलं आणि समजावून सांगितलं, धरणाजवळच्या गावातल्या मुलाने गाळपेर लिहिलं, म्हणजे धरणाचं पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळात जे पीक घेतात ते, आणि शहरातली मुलं, जी एरवी सगळ्यात आधी हात वर करतात, ती त्या दिवशी वहीत उतरवून घेत होती. गोंडी, कोरकू, भिली, अहिराणी जे काही वर्गात असेल ते येऊ द्या. पेपरात प्रमाण भाषा लागते, ती शिकवा, नीट शिकवा, जादा तास घेऊन शिकवा, पण न-ण वरून कोणाला खाली बसवू नका. इंग्रजीचंही तसंच. पीपीटी इंग्रजीत असली तरी मराठीतून समजावून सांगणं आणि परीक्षेला मराठी माध्यम चालतं का हे पहिल्याच आठवड्यात जाहीर करणं, एवढ्याने सुद्धा बरीच मुलं टिकतात.

दिव्यांग विद्यार्थी

रॅम्प आहे एवढ्यावर समाधान मानू नका, रॅम्प चढून गेल्यावर दार व्हीलचेअर जाईल एवढं रुंद आहे का आणि वर्ग तळमजल्यावर आहे का ते बघा. लिफ्ट नसेल तर त्या बॅचचं वेळापत्रकच खाली आणा, हे एचओडींच्या एका सहीने होतं.

अंध विद्यार्थी असेल तर पहिला प्रश्न नोट्सचा. आपल्याकडे वीस वर्षांच्या नोट्स श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात किंवा झेरॉक्सचं स्कॅन असतं. आमच्या एका विद्यार्थ्याने माझीच फाइल एनव्हीडीएवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, लावून मला ऐकवली, त्यातून नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येत होती, मराठीचा एक शब्दही नाही, आणि स्कॅन केलेली पीडीएफ लावली तर ते काहीच वाचत नाही. युनिकोडमध्ये असेल तरच तो सॉफ्टवेअर मराठी नीट वाचतो. मग आम्ही जुन्या नोट्स वाटून घेतल्या, स्कॅन गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्सने उघडलं की मजकूर बाहेर येतो, त्यात चुका असतात, त्या एमएच्या मुलांनी सुधारल्या, दोन महिन्यांत एका पेपरचं सगळं तयार झालं आणि ते सगळ्याच मुलांना मोबाइलवर वाचायला सोपं पडलं. नकाशाचं काय करायचं हा भूगोलातला मोठा प्रश्न, तर जाड पुठ्ठ्यावर सह्याद्रीसाठी मसूर डाळ चिकटवली, गोदावरी-भीमा-कृष्णेला लोकरीचा धागा, किनाऱ्याला सुतळी. त्या मुलाने बोट फिरवत फिरवत स्वतःच सांगितलं की तिन्ही नद्या डोंगराजवळच सुरू होतात आणि पूर्वेकडे जातात. मी त्याला ते सांगितलेलं नव्हतं.

परीक्षेला लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास, हा त्यांचा हक्क आहे. अर्ज परीक्षेच्या महिनाभर आधीच परीक्षा विभागात द्या आणि पोच घ्या. आणि हे अंतर्गत चाचणीलाही द्या, तिथे हमखास विसरलं जातं.

वेळापत्रक आणि स्टडी टूर

शेवटचं प्रॅक्टिकल ५ ला संपत असेल आणि कोणाच्या गावची शेवटची एसटी ५.१५ ची असेल तर ती मुलगी प्रॅक्टिकल सोडणार, तिच्या नावापुढे गैरहजर लागणार. बॅच बदलून द्या. टूरचा खर्च सांगताना पूर्ण आकडा सांगा, नंतर "जेवणाचे वेगळे" नको, आणि ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी जवळच्या ठिकाणचं सर्व्हेचं काम तेवढ्याच मार्कांना ठेवा. बसमध्ये महिला शिक्षक हवीच, थांबे टॉयलेट बघून ठरवा. जेवणात शाकाहारी-मांसाहारी अशा दोन पंगती लावू नका, एकत्र बसवा, ज्याला जे खायचं ते खाऊ दे. रमजानच्या दिवसात टूर ठेवायची वेळ आलीच तर मुलांना विचारून ठेवा.

जयंत्यांबद्दल एक सांगायचंय. १४ एप्रिलचा कार्यक्रम बौद्ध मुलांनी करायचा, ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर मुलींनी बोलायचं आणि ८ मार्चला रांगोळीही त्यांनीच काढायची, असं जर तुमच्याकडे चालत असेल तर यंदा कामं वाटताना चिठ्ठ्या टाका.

कोणी तक्रार घेऊन आलं तर

दार लोटून घ्या पण कडी लावू नका. ऐकून घ्या, मध्ये "पण तू तिथे का गेलीस" असं काही विचारू नका. तारीख, वेळ, जागा लिहून घ्या, तिच्याच शब्दांत. "मी बघतो त्याच्याकडे" असं आश्वासन देऊ नका आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला लगेच जाऊन विचारूही नका. मग रस्ते सांगा. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे, अजून बरेच जण तिला विशाखा समितीच म्हणतात. घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची, कारण योग्य असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते, चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. विद्यार्थ्यांचा विषय असेल तर समितीत ३ निवडून आलेले विद्यार्थी असतात, आणि विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलसचिव अशा पदावरची माणसं समितीत नसतात, हे मुलींना मुद्दाम सांगा कारण त्यांना भीती तीच असते. समेटाची गोष्ट फक्त तक्रारदाराने मागितली तरच निघते. भेदभावाची तक्रार समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकाऱ्याकडे, रॅगिंगची विद्यापीठाच्या समितीकडे किंवा १८००-१८०-५५२२ या हेल्पलाइनवर. लिहायला मदत करा, सोबत जा, पण तिच्या वतीने निर्णय तुम्ही घेऊ नका आणि स्टाफरूममध्ये नावही काढू नका. विभागाची बदनामी होईल असं कोणीतरी नक्की म्हणेल, तेव्हा तुम्ही तिच्या बाजूला उभे आहात हे तिला दिसलं पाहिजे.

पीएचडी आणि गाइड

इथे सगळं बंद दाराआड होतं. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे विद्यापीठ स्वतः प्रवेश परीक्षा घेत असेल तर परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, तर मुलाखतीचे गुण कशाला किती ते आधीच कागदावर ठरवून घ्या, प्रत्येक सदस्याने वेगळे लिहावेत. गाइडची मर्यादा प्रोफेसर ८, असोसिएट ६, असिस्टंट ४ अशी आहे, कोणाकडे किती जागा रिकाम्या आहेत ते बोर्डावर लावा म्हणजे "माझ्याकडे जागा नाही" हे खरं की नाही ते कळतं. महिला आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना कमाल मुदतीवर आणखी २ वर्षं मिळतात आणि महिलांना बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. आमच्याकडे एक जण बाळ झाल्यावर सोडायलाच निघाली होती, तिला हे कोणी सांगितलेलंच नव्हतं.

स्टाफमधले लोक

तासिका तत्त्वावर शिकवणारे सर-मॅडम जवळजवळ अर्धा विभाग चालवतात आणि त्यांना बसायला खुर्ची नसते. त्यांना मीटिंगला बोलावा, टेबल द्या, बिलं वेळेवर पुढे जातायत का ते बघा. मुलं बऱ्याचदा त्यांच्याशीच सगळ्यात जास्त बोलतात. सफाईच्या मावशींनाही अंतर्गत तक्रार समितीचा कागद मराठीत वाचून दाखवा, तो कायदा त्यांच्यासाठीही आहे.

आकडे आणि एचओडी

शेवटी एक तक्ता करा, मागच्या ५ वर्षांचा. किती जणांनी प्रवेश घेतला, पहिल्या सेमिस्टरनंतर किती उरले, किती पास झाले, पीएचडीला किती गेले, मुलं-मुली, प्रवर्ग, दिव्यांग असं वेगवेगळं. अनुसूचित जातीच्या १३ टक्के, जमातीच्या ७, विजाभज मिळून ११, ओबीसीच्या १९ टक्के जागा प्रवेशाच्या दिवशी भरलेल्या दिसतात, तुम्ही दुसऱ्या सेमिस्टरच्या हजेरीपटावर मोजा. तक्त्यात नावं नकोत, आणि जिथे एक-दोनच विद्यार्थी आहेत तो आकडा बाहेर दाखवू नका, लगेच ओळखू येतात.

हा तक्ता घेऊन एचओडींकडे एकटे जा, भर मीटिंगमध्ये मांडू नका, नाहीतर ते आरोपासारखं होतं आणि सगळे बचावात जातात. सोबत तीनच मागण्या ठेवा ज्या या महिन्यात होऊ शकतात. माझ्या पहिल्या तीन होत्या टॉयलेटचं कुलूप, ५ च्या प्रॅक्टिकलची वेळ आणि एक वर्ग तळमजल्यावर. सरांनी पंधरा मिनिटांत तिन्हीला होकार दिला, म्हणाले, हे कोणी आधी सांगितलंच नाही.

आणि जे यायचे बंद झालेत त्यांना फोन करा. सलग ५ दिवस गैरहजर दिसला की सहाव्या दिवशी, ऑफिसच्या फोनवरून नाही, स्वतःच्या. "का येत नाहीस" असं नका विचारू, "बरा आहेस ना, परवाचा भाग मी तुला पाठवते, सोमवारी ये" एवढं म्हणा. मागच्या वर्षी मी असे अकरा फोन केले, सात जण परत आले.